पाव घटका

एकतिसाव्या मजल्यावर, झेरॉक्सच्या खोलीपलीकडे माझं टेबल.
वकिलांचे तास माझ्याकडे येतात,
वकील येत नाहीत.

तास तरी कुठले?
इथे तासाचे दहा तुकडे पाडतात.
सहा मिनिटांचा एक. पाव घटका.
त्याहून लहान काही घडलं
तर ते घडलंच नाही असं धरायचं.

बावीस वर्षं निवडते आहे,
तांदळातले खडे निवडावेत तशी.
कलम चौदा, दुरुस्ती : शून्य पूर्णांक चार.
फोन, सिएटलची मंडळी : शून्य पूर्णांक दोन.
त्याच फोनची वाट पाहणं : शून्य पूर्णांक सात.
हे मी खोडते.
अशील वाट पाहण्याचे पैसे देत नाही.

मला सगळ्यांचं कळतं.
गॅरिटीसाहेबांचं घर मोडतंय
हे त्यांच्या बायकोच्याही आधी मला कळलं :
सलग सात रविवार, अकरा-अकरा तास,
आणि त्यातलं एक मिनिटही खोटं नाही.
नव्या ट्वायलाने पहिल्याच आठवड्यात
पाणी प्यायलेलंसुद्धा लिहिलं होतं.
बोलावून सांगितलं, पोरी,
तहान आपल्या खात्यावर टाकायची.

मारेन लिंडक्विस्टच्या कागदात मात्र फट नसते.
नोकरीचं सहावं वर्ष. पुढच्या वर्षी ठरेल,
भागीदार की निरोपाचा केक.
रात्री दीडला शेवटची नोंद, सकाळी आठला पहिली,
मधल्या वेळात ती कुठे राहते
ते कागद सांगत नाही.
मार्चमध्ये वडील गेले, दुलुथला.
त्याही आठवड्यात एकेचाळीस तास.
त्यातली एक ओळ :
मसुदा वाचला, गाडीत, चर्चच्या बाहेर.
ती मी खोडली नाही, पुढेही ढकलली नाही.
दोन दिवस नुसती उघडी ठेवली.

मग एप्रिलमधला एक शनिवार.
दहा बारा ते दहा तीस, तीन तुकडे कोरे.
रकाना लाल झाला. नियम असा की
प्रत्येक तुकड्याला नाव हवं.
सोमवारी फोन लावला.
ती बराच वेळ बोलली नाही,
मागे प्रिंटर चालू होता.
मग म्हणाली, “पूल उघडला होता.”

शिकागोत वसंतात गोदीतल्या नावा
नदीतून तळ्याकडे निघतात
आणि एकेक पूल कंबर मोडून उभा राहतो.
“गाड्या थांबल्या,” ती म्हणाली. “बस थांबली.
ड्रायव्हर उतरला आणि कठड्याशी जाऊन उभा राहिला.
मी वरून बघत होते. नऊ डोलकाठ्या मोजल्या.
एका नावेत एक बाई सँडविच खात होती,
सावकाश,
कडा आधी, मधला भाग शेवटी.”

आणि थोड्या वेळाने :
“कुठल्या खात्यावर टाकू?”

ती खरंच विचारत होती.
माझ्याकडे प्रशिक्षणाचं खातं आहे, आजारपणाचं आहे,
अंत्यविधीचं आहे (कमाल तीन दिवस).
यादी वरून खाली वाचली.
“मग पगारातून कापा,” ती म्हणाली.
हसली नाही, म्हणून मीही हसले नाही.

तो रकाना अजून लाल आहे.
दर महिन्याच्या एकतीस तारखेला, नाहीतर तीसला,
यंत्र मला विचारतं, मी ‘नंतर’ दाबते.
पाचला दिवा मालवते, पुलावरून चालत स्टॉपवर जाते.
पूल मिटलेला असतो, नुसता रस्ता.
वर, चौवेचाळिसाव्यावर, तिची खिडकी पिवळी.

शरदात नावा परत येतात.
पालिकेच्या कार्यालयात विचारून
तारीख लिहून ठेवली आहे, ड्रॉवरमध्ये.
तिला सांगावं की नाही, अजून ठरत नाही.
सांगितलं तर ती वेळ राखून ठेवेल,
आणि राखलेली वेळ दिसली
की तिथे कोणीतरी मीटिंग टाकतं.